निश्चयाकडून नेमाकडे

व्यक्तिगत ध्येय म्हणजे माणसाने स्वतःसाठी ठरवलेली, आज हाती नसलेली आणि प्रयत्नाने गाठता येईल असे त्याला वाटणारी स्थिती. कर्ज फेडणे, तंबाखू सोडणे, वजन उतरवणे, नवी भाषा शिकणे, ग्रंथ लिहून पुरा करणे ही सारी ध्येये या व्याख्येत बसतात, पण त्यांच्या जाती दोन आहेत. काही ध्येये गाठली की संपतात: कर्ज फिटले की विषय मिटला. काही कधीच संपत नाहीत. मधुमेह झालेल्या माणसाला चालणे जन्मभर सुरू ठेवावे लागते आणि उतरवलेले वजन राखणे हे ते उतरवण्याहून लांबचे काम असते. दुसऱ्या जातीचे ध्येय पहिल्या जातीचे समजून हाती घेतले की ठरलेला आकडा गाठताच प्रयत्न थांबतो आणि वर्षभरात सारे पूर्वपदावर येते. म्हणून कोणत्याही ध्येयाच्या विचारात पहिला प्रश्न त्याला शेवट आहे की नाही हा असतो.

ध्येय कसे ठरवावे याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकातला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांचा १९६८ सालचा निबंध त्याचा पाया मानला जातो. ‘जमेल तेवढे करा’ असे सांगितलेल्या माणसांपेक्षा नेमके आणि अवघड उद्दिष्ट दिलेली माणसे जास्त काम करतात, हे त्यांनी दाखवले. पुढे गॅरी लेथम यांनी हाच सिद्धांत प्रयोगशाळेबाहेर तपासला. ओक्लाहोमात जंगलातून गिरणीपर्यंत ओंडके नेणारे ट्रकचालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच माल भरत. त्यांना ९४ टक्के हे उद्दिष्ट दिले गेले. बक्षीस नव्हते, दंडही नव्हता. काही महिन्यांत भराई नव्वदीच्या घरात गेली आणि तिथे टिकली. १९७५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही या विषयावरच्या पाठ्यपुस्तकांत हटकून येतो.

मात्र ट्रक कसा भरायचा हे त्या चालकांना आधीपासून येत होते. काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल तर नेमका आकडा उलटा त्रास देतो. अमेरिकी हवाईदलात नव्याने भरती झालेल्यांना विमान-वाहतूक नियंत्रणाचे सराव-काम शिकवताना सुरुवातीलाच गुणांचे उद्दिष्ट दिले, तेव्हा त्यांची कामगिरी खालावली. पद्धत समजून घ्यायला लागणारे लक्ष आकड्याने खाल्ले. १९८९ सालच्या या निष्कर्षाचा अर्थ घरगुती ध्येयांनाही लागू आहे. पोहणे शिकणाऱ्याने पहिल्या महिन्यात किती फेऱ्या मारल्या हे मोजण्यापेक्षा श्वास कसा घ्यायचा हे शिकण्याचे उद्दिष्ट ठेवणे शहाणपणाचे. फेऱ्या नंतर मोजता येतात.

लोकप्रिय पुस्तकांत आणि व्याख्यानांत ध्येयनिश्चितीची जी सूत्रे फिरतात, त्यांची पारख करूनच ती घ्यावीत. ‘स्मार्ट’ हे आद्याक्षरांचे सूत्र जॉर्ज डोरान यांनी १९८१ साली कंपन्यांतल्या व्यवस्थापकांसाठी मांडले. त्यातले एक अक्षर मुळात काम कोणाकडे सोपवायचे यासाठी होते. एकट्या माणसाच्या आयुष्याशी त्याचा संबंध नव्हता. येल विद्यापीठाची गोष्ट तर निव्वळ दंतकथा आहे. १९५३ साली पदवी घेणाऱ्यांपैकी ज्या ३ टक्क्यांनी ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त निघाली, असे ती सांगते. असा अभ्यास झालेलाच नाही आणि येल विद्यापीठानेही तसे स्पष्ट केले आहे. तरुणांपुढे ही कथा पुराव्यासारखी ठेवली जाते तेव्हा त्यांची फसवणूकच होते. ध्येय लिहिले नाही म्हणून मागे पडलो, असा खोटा दोष ते स्वतःला लावून घेतात.

ध्येय ठरवणे हा या विषयाचा सोपा भाग. खरी पडझड त्यानंतर होते आणि तिचा आलेख उपलब्ध आहे. जॉन नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी नववर्षाचा संकल्प केलेल्या २०० अमेरिकी माणसांचा दोन वर्षे मागोवा घेतला. पहिल्या आठवड्यानंतर ७७ टक्के लोक संकल्पावर टिकून होते. दोन वर्षांनंतर १९ टक्के. या अभ्यासातली दुसरी नोंद क्वचितच सांगितली जाते, आणि मोलाची तीच आहे. यशस्वी ठरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा संकल्प मध्ये एकदा तरी मोडला होता आणि दोन वर्षांतल्या अशा घसरणींची सरासरी १४ होती. न मोडता टिकणे ही यशाची अट नव्हती. मोडल्यावर पुन्हा धरणे ही होती.

ठरवणे आणि करणे यांच्यामधल्या दरीची कारणे अनेक आहेत. जवळचा छोटा लाभ माणसाला दूरच्या मोठ्या लाभापेक्षा मोठा भासतो. सकाळी पाचचा गजर लावताना जो माणूस निर्णय घेतो, त्याच्यापुढे तब्येत असते. गजर वाजतो तेव्हा त्याच्यापुढे पांघरूण असते. दुसरे कारण म्हणजे लागणाऱ्या वेळाचा अंदाज हमखास चुकतो. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल असे विचारले, तेव्हा त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले आणि सगळेच बिनसले तर ४९. प्रत्यक्षात ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही अपुरा पडला, कारण तो करताना मागच्या कामांना किती वेळ लागला होता हे कोणी पाहत नाही.

तिसरे कारण गोड स्वप्नांचे आहे. गॅब्रिएल ओटिंगेन यांनी १९९१ साली वजन उतरवण्याच्या एका वर्षभराच्या उपक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास केला. आपल्याला हे जमेल अशी रास्त अपेक्षा असलेल्यांचे वजन अधिक उतरले, पण सडपातळ झालेल्या स्वतःची मनोहर चित्रे रंगवणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा सरासरी सुमारे ११ किलोंनी कमी उतरले. आशा आणि दिवास्वप्न यांतला हा भेद महत्त्वाचा आहे. इष्ट चित्राशेजारीच वाटेतला अडथळा मांडून पाहणे, ही ओटिंगेन यांनी पुढे विकसित केलेली पद्धत. ‘सगळे छान होईल, असा विचार करा’ या सर्वत्र दिल्या जाणाऱ्या सल्ल्याला ती छेद देते.

या दरीचा दोष सर्रास इच्छाशक्तीला दिला जातो. शास्त्रातही बराच काळ तोच सूर होता. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांपुढे मार्शमॅलोसारखा खाऊ ठेवून केलेले प्रयोग जगभर गाजले. ज्यांनी थांबून दुसरा खाऊ मिळवला, ती मुले पुढे अभ्यासातही सरस ठरली असे सांगितले गेले. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांवर हीच तपासणी झाली तेव्हा हा संबंध बराच क्षीण निघाला आणि घरची परिस्थिती व मुलांची सुरुवातीची बौद्धिक कुवत हिशेबात घेतल्यावर आणखी ओसरला. इच्छाशक्ती वापरली की आटते, या रॉय बाउमायस्टर यांच्या सिद्धांताचेही तसेच झाले: २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून तो पडताळला आणि परिणाम जवळपास शून्य आढळला. याउलट जर्मनीत दोनशेहून अधिक प्रौढांच्या दिवसभरातल्या मोहांची नोंद घेतली, तेव्हा संयमी गणली गेलेली माणसे मोहाशी इतरांपेक्षा कमी झुंजताना दिसली. त्यांचा दिवसच असा बेतलेला होता की मोहाची गाठ कमी पडे. इच्छाशक्ती नसतेच असे यातून ठरत नाही, पण वर्षानुवर्षे चालवायचे काम तिच्या भरवशावर टाकू नये, एवढे नक्की ठरते.

मग भरवसा कशाचा? सर्वांत भक्कम पुरावा आहे तो ‘कधी, कुठे, कसे’ हे आधी ठरवण्याचा. पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली: ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा वाक्यात बेत बांधायचा. २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. २००२ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग तर जवळून पाहण्यासारखा आहे. एका गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकाराची माहिती देऊन व्यायामाचे महत्त्व पटवले. तिसऱ्याला ती माहिती दिलीच, शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहायला लावले. पहिल्या गटात ३८ टक्के जणांनी व्यायाम केला, दुसऱ्यात ३५ टक्के, तिसऱ्यात ९१ टक्के. महत्त्व पटलेल्या दुसऱ्या गटाचा इरादा बळावला होता. कृती मात्र जिथल्या तिथे राहिली. ‘मला कळतं पण वळत नाही’ या घरोघरच्या तक्रारीचे यापेक्षा स्वच्छ चित्र सापडणे कठीण. मोजमाप एका आठवड्याचे होते, ही त्याची मर्यादा. वर्षांच्या मुदतीवर एकट्या लेखी बेताने भागत नाही.

तिथे सवय कामाला येते. सवय लागायला २१ दिवस लागतात हा समज मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस जातात, असे त्यांचे निरीक्षण होते. ‘निदान’ हा शब्द गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात रोजच्या एखाद्या खुणेला जोडलेली कृती, जशी न्याहारीनंतर पाणी पिणे किंवा जेवणाआधी धावणे, आपोआप होऊ लागायला मध्यकाप्रमाणे ६६ दिवस लागले. व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारखी कृती लवकर रुजली, व्यायाम उशिरा. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात मोठी खोट आली नाही. बाविसाव्या दिवशीही अंथरूण सोडवत नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या कितीतरी जणांपर्यंत ही आकडेवारी पोचायला हवी.

मराठी मुलखात नेम ही गोष्ट या संशोधनाच्या फार आधीपासून चालत आली आहे, आणि तिची रचना पाहिली तर संशोधनाने सांगितलेले बहुतेक घटक तिच्यात जागच्या जागी दिसतात. सोळा सोमवारांच्या व्रतात वार ठरलेला, दिवसभराचा उपवास ठरलेला, संध्याकाळची पूजा ठरलेली, कणीक, तूप आणि गूळ यांच्या चुरम्याचा नैवेद्य ठरलेला आणि सतरावा सोमवार उद्यापनाचा. आज करू की उद्या, या विचाराला जागाच नाही. चातुर्मासाचा नेमही आषाढी एकादशीला धरायचा आणि कार्तिकीला सोडायचा. चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्याला शेवटची तारीख पहिल्या दिवशीच ठाऊक असते आणि घरातल्या सर्वांना त्याचा नेम माहीत असल्याने स्वयंपाकही तसाच होतो. वारीत हीच रचना सामूहिक होते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते आणि सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालून आषाढ शुद्ध दशमीला ती पंढरपूरला पोचते. मुक्काम ठरलेले, दिंड्यांचे रथापुढचे आणि रथामागचे क्रमांक ठरलेले. पहाटे उठायचे की नाही हे वारकऱ्याला एकट्याने ठरवावेच लागत नाही; दिंडी निघते आणि तो तिच्यासोबत निघतो. श्रद्धेचा भाग यात अर्थातच मोठा आहे आणि तो वजा करून वारी समजत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ती चुकत नाही यात या व्यवस्थेचा वाटाही मोठा आहे. व्रताची एक उणीवही नोंदवली पाहिजे: ते मोडले की पापाची भीती येते, आणि भ्यालेला माणूस पुन्हा सुरुवात करायला कचरतो.

प्रगतीची नोंद ठेवणे हा साधा पण परिणामकारक उपाय. २०१६ साली १३८ अभ्यासांच्या एकत्र विश्लेषणात, नोंद ठेवायला लावल्याने ध्येय गाठण्याचे प्रमाण वाढते आणि ती लिहून ठेवली किंवा इतरांना दाखवली तर आणखी वाढते, असे आढळले.

स्वतःला आधीच बांधून घेण्याचे मार्ग पैशाच्या व्यवहारात सर्वांत स्पष्ट दिसतात. फिलिपीन्समधल्या मिंडानाओ बेटावर एका बँकेने ग्राहकांना असे खाते देऊ केले की ठरवलेली रक्कम किंवा तारीख गाठेपर्यंत स्वतःचेच पैसे काढता येऊ नयेत. व्याज नेहमीच्या खात्याइतकेच होते, तरी २८ टक्के जणांनी ते घेतले. ज्यांना ही सोय देऊ केली होती त्यांची बचत, न दिलेल्यांच्या तुलनेत, वर्षभरात सरासरी ८१ टक्क्यांनी अधिक वाढली. महाराष्ट्रातल्या बायकांची भिशी याच तत्त्वावर चालते. हप्ता चुकवला तर ज्या बाईचा या महिन्यात नंबर आहे तिचे पैसे अडतात आणि ती शेजारीच राहत असते. या लाजेचा धाक पासबुकात नसतो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप वळती होणारी आवर्ती ठेव किंवा एसआयपी ही त्याच तत्त्वाची बिनबोभाट आवृत्ती. व्यसनांच्या बाबतीत मात्र यश मोजकेच आहे. त्याच भागात सहा महिने पैसे अडकवून ठेवून धूम्रपान सोडण्याची योजना देऊ केली, तेव्हा ती ११ टक्के जणांनीच पत्करली, आणि योजना देऊ केलेल्या एकूण गटात सिगारेट सुटल्याचे प्रमाण सुमारे ३ टक्केबिंदूंनी वाढले. पुढे अचानक घेतलेल्या चाचणीत ही वाढ टिकून होती, म्हणून ती लहान असली तरी क्षुल्लक मानता येत नाही.

घसरणीनंतरचे दिवस ध्येयाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. एक पेढा खाल्ला की ‘आता पथ्य मोडलेच’ म्हणून अख्खा बॉक्स संपवण्याची वृत्ती व्यसनमुक्तीच्या अभ्यासकांनी बारकाईने नोंदवली आहे. नुकसान पहिल्या पेढ्यापेक्षा त्यातून काढलेल्या निष्कर्षाने होते. २०२१ साली अमेरिकेतल्या एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१ हजारांहून अधिक सभासदांवर ५४ उपाय एकाच वेळी तपासले गेले. सर्वांत वरचा ठरला तो चुकलेल्या दिवसानंतर परत येणाऱ्याला अगदी किरकोळ बक्षीस देणारा उपाय. तरीही चार आठवड्यांचा उपक्रम संपल्यावर त्या ५४ पैकी फारच थोड्यांचा परिणाम शिल्लक राहिला, आणि ही या क्षेत्राची आजची खरी स्थिती आहे. सुरुवात करून देणारे उपाय पुष्कळ सापडले आहेत, वर्षांनंतर टिकणारे थोडे.

ध्येय कोणाचे, हा प्रश्न त्यामुळेच बाजूला सारता येत नाही. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांनी १९९९ साली दाखवले की आवडीतून किंवा पटलेल्या मूल्यातून घेतलेल्या ध्येयासाठी माणूस दीर्घकाळ प्रयत्न करतो आणि ते साधल्यावर त्याला समाधानही अधिक मिळते. दडपणातून किंवा अपराधभावातून घेतलेल्या ध्येयाचा जोर लवकर ओसरतो. दहावीनंतर घरच्यांनी ठरवलेल्या शाखेत घातलेल्या मुलाला शिस्तीचे कितीही धडे दिले तरी ही उणीव भरून निघत नाही.

एका आयुष्यात हे सारे कसे जुळून येते, याचे उदाहरण भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचे आहे. १८८० साली जन्मलेले काणे मुंबईत वकिली करत. नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९२६ साली प्रसिद्ध झाली. तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, एवढाच मूळ बेत होता. सामग्री प्रस्तावनेत मावेना, म्हणून स्वतंत्र ग्रंथ ठरला. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ चा पहिला खंड १९३० साली आला तेव्हा ते पन्नाशीत होते. दुसरा यायला अकरा वर्षे लागली. पुढचे १९४६ आणि १९५३ साली आले आणि पाचव्याचा शेवटचा भाग १९६२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी. एकूण पृष्ठे साडेसहा हजारांच्या आसपास भरतात. मधल्या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद झाले, राज्यसभेचे सदस्यत्व झाले. या उदाहरणात ध्येयाने किती वेळा आकार बदलला हे पाहण्यासारखे आहे. १९२६ सालीच पाच खंडांचा आणि साडेतीन दशकांचा संकल्प सोडला असता तर तो कोणालाही अशक्यच वाटला असता. एक खंड, मग पुढचा, अशी हाताच्या अंतरावरची मुदत त्यांना सतत लाभली. जवळची लहान उद्दिष्टे आत्मविश्वास आणि गोडी दोन्ही वाढवतात, हे अल्बर्ट बँडुरा यांनी गणितात मागे पडलेल्या मुलांवर १९८१ साली दाखवले होते.

ध्येय सोडून देणे हा या आढाव्यातला सर्वांत दुर्लक्षित विषय. चिकाटीचे गोडवे गाणाऱ्या साहित्यात त्याला पराभव म्हणतात. कार्स्टेन रोश आणि सहकाऱ्यांचे २००३ पासूनचे अभ्यास वेगळे सांगतात: गाठता न येणाऱ्या ध्येयातून मोकळे होऊ शकणाऱ्यांना मानसिक त्रास कमी होतो आणि नवे ध्येय धरू शकणाऱ्यांच्या आयुष्यात अर्थ टिकतो. किशोरवयीन मुलींच्या २००७ सालच्या एका अभ्यासात, ज्यांना सोडणे जमत नव्हते त्यांच्या रक्तात दाह दाखवणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वर्षभरात वाढत गेले.

पुण्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या हजारो मुलामुलींसाठी हा प्रश्न रोजचा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत ६ संधी देतो. राज्य आयोगाची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. म्हणजे बाहेरून येणारा शेवट पंधरा-पंधरा वर्षे लांब असू शकतो, तेवढ्या काळात गावाकडची जमीन विकली जाते, लग्न लांबते आणि दुसरा धंदा शिकायचे वय निघून जाते. आतला शेवट स्वतःच ठरवावा लागतो आणि तो तयारी सुरू करतानाच ठरवलेला बरा, कारण दर निकालानंतर घातलेली वर्षे नजरेसमोर उभी राहतात आणि निर्णय तीच घेतात. किती प्रयत्न, कितव्या टप्प्यापर्यंत मजल, घरून किती पैसा आणि त्यानंतर कोणते काम, या चार गोष्टी पहिल्या वर्षी लिहून घरच्यांच्या साक्षीने ठेवल्या तर थांबण्याच्या दिवशी पुढचे काम आधीच नक्की असते.